ओला, सुका आणि डिजिटल

इंदूरच्या माणसाला कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरलं, की रामबागेतल्या आमच्या घरात पोह्यांचा घास हातातच राहतो आणि सगळे डब्यांकडे धावतात. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घरातला घातक, असे गाडीला सहा कप्पे. संत्र्याचं साल सुक्यात गेलं तर गाडीवरचा भिया असा बघतो, की 2017पासून सांभाळलेला देशातला पहिला नंबर आपण त्या एका सालापायी घालवला.

एवढ्या तालमीनंतर फोनवरच्या कचऱ्याचं काय, ते चुटकीसरशी जमायला हवं होतं. जमलं नाही.

सुरुवात आईपासून झाली. वय 81, कान शाबूत, आणि दुपारी दोन ते चार तिच्याशी बोलायला घरात कुणी नसतं. त्यामुळे ठगांचे फोन ती उचलते. नुसते उचलत नाही, धरून ठेवते. एका दुपारी मी लवकर घरी आलो तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर खाकीतला एक माणूस, त्याच्यामागे भिंतीला चिकटवलेलं कसलंसं बोधचिन्ह, आणि समोर आई, लसूण सोलत.

"बरं झालं आलास. हे मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलून राहिलेत. माझ्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज निघालेत म्हणे. मला डिजिटल अरेस्ट केलीये, खोलीबाहेर जायचं नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात, तेवढा बंद कर." मग फोनकडे वळून, "हं, तर मुंबईत कुठे म्हणालात? दादरला माझी मावसबहीण असायची."

"माताजी, हिंदी में बोलिए!"

"अगोबाई! मुंबई पोलिसात आहात आणि मराठी येत नाही? आम्ही चार पिढ्या होळकरांच्या गावात काढल्या, तरी विसरलो नाही!"

त्याने दोनदा दरडावून पाहिलं. तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत आईने, जेवलात का, असं विचारलं आणि फोन कट झाला. इतक्या लवकर सुटका झाल्याचं तिला वाईटच वाटलं.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यातच नाही. ऑक्टोबर 2024मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, आणि ते आईने ऐकलं होतं. "ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "पण बिचारा मेहनत किती घेत होता!"

आता तक्रार करायची. मी बाह्या सरसावून 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावायला घेतली, तर सौ.ने हात धरला. "पैसे गेले का?"

"नाही."

"मग तिथली लाइन कशाला अडवता? ज्याचे गेलेत त्याला लागू दे."

तिचं खरं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांना 'आज रात साडेनौ बजे बिजली काट दी जाएगी' असा मेसेज आला होता. ऐन मे महिन्यात पंखा बंद पडण्याच्या धास्तीने त्यांनी ठगाने पाठवलेलं ॲप मुकाट्याने उतरवून घेतलं आणि चाळीस हजार गेले. पण पंधरा मिनिटांत 1930 लावला, म्हणून त्यातले थोडे पुढच्या खात्यात अडवता आले. उशीर झाला, की तो पैसा रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, शिरलेल्या ओळखीच्या माणसासारखा होतो. दिसला दिसला म्हणेपर्यंत सगळे चेहरे एकाच रंगाचे.

म्हणजे पैसे गेले तर 1930. नुसता कर्ज नि विमा गळ्यात मारणारा असेल तर 1909, नको असलेल्या जाहिरातींच्या तक्रारीचा नंबर. आणि आमच्या खाकीवाल्यासारखा, नियत खोटी पण हात रिकामा, तो संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये, म्हणजे संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या फॉर्ममध्ये. ओला, सुका, घातक. इतकं सोपं.

फॉर्म उघडला. कॉल, मेसेज की व्हॉट्सॲप? व्हॉट्सॲप. प्रकार? पोलीस असल्याची बतावणी. स्क्रीनशॉट? आईने काढला नव्हता, तिचे हात लसणात होते. वेळ?

"लिही, दुसऱ्या नि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये."

मी दोन वाजून चाळीस मिनिटं लिहिलं. कॅप्चातलं अक्षर ओ की शून्य, यावर घरात दोन तट पडले. पहिल्यांदा माझा हरला. शेवटी स्वतःचा मोबाईल नंबर टाकला आणि ओटीपी आला.

"देऊ नकोस!" आई ओरडली.

"अगं, हा सरकारला द्यायचाय."

"तोही हेच म्हणत होता!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाठमोरा होऊन, चोरासारखा, ओटीपी भरला.

त्यानंतर मला चटकच लागली. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाला हल्ली शेपूट असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचं नाव सांगणारा, पण दहा आकडी नंबरावरून आलेला बिनशेपटीचा मेसेज दिसला, की मी चवताळून उठतो. सौ. म्हणते, भाजी निवडायला बसता तेव्हा ही नजर कुठे जाते.

आणि आई? आईने धडा फारच मनावर घेतला. परवा ऑफिसात तिचा फोन आला, मागे कुणीतरी काकुळतीला आल्याचा आवाज.

"अरे, दारात एक मुलगा उभा आहे. तुझ्या मोबाईलवर चार आकडे आलेत म्हणे, ते मागून राहिलाय. मी बजावलंय, मुलगा आला तरी सांगणार नाही."

"आई, तो गॅसवाला आहे! कोड सांगितल्याशिवाय त्याला सिलिंडर देता येत नाही."

"कशावरून?"

"खांद्यावर सिलिंडर आहे ना त्याच्या?"

क्षणभर शांतता.

"त्या दुसऱ्याच्या अंगावर खाकी नव्हती का?" आई म्हणाली. "आता एवढंच सांग, ह्याला कुठल्या डब्यात टाकू?"