पुन्हा तीच ब्लँकेटं!

डिसेंबर लागला की निघाले वॉकेथॉन, म्हणजे देणगीसाठीची सामूहिक चाल, घेऊन! बेघरांसाठी म्हणे. 200 जणांकडून 500 घ्यायचे, झाले एक लाख. त्यातून माणशी 180 चा टी-शर्ट, 60 चं मेडल, 50 चा पोहे-चहा. मांडव-साउंडचे 15 हजार वेगळे. उरले 27 हजार. त्यांची ब्लँकेटं.

अहो, मुंबईच्या फुटपाथवर थंडी पडते तरी किती दिवस? एकाच पुलाखाली एका रात्रीत तीन मंडळं वाटून जातात, पलीकडच्या गल्लीत कोणी फिरकत नाही. ठेवायला जागा नाही, पालिकेची गाडी आली की गाठोडं गेलंच. खरी नड पावसाच्या तोंडावर, मेअखेरीस: जाड ताडपत्री, नायलॉनची दोरी, मच्छरदाणी, सॅनिटरी पॅड, आधारकार्ड काढायला माराव्या लागणाऱ्या खेपांचं भाडं. तेव्हा सगळे गप्प!

पेटी फिरते रोखीची. 2000 च्या वर रोख दिलं तर आयकरात सवलत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगायला काय होतं?

आणि शहरात दर लाख वस्तीमागे किमान 100 जणांचा कायमस्वरूपी निवारा हवा, हे शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या दीनदयाळ अंत्योदय योजनेतच ठरलं होतं. तो कुठाय, हे विचारायला वॉर्ड ऑफिसात एकही टी-शर्टवाला जात नाही.