केएमटीला हद्द कशाला?

“हद्दीत यायचं न्हाई, तर केएमटी तरी कशाला पायजे त्यास्नी? बंद करा!” घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्या चुलतभावानं हे लिहिलं आणि माझं डोकंच फिरलं. दादा कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. माझी आई शहराच्या हद्दीबाहेर, पाचगावात. आठवड्यातून दोनदा कपिलतीर्थ मार्केटला येते, केएमटीनंच, म्हणजे महापालिकेच्या बसनं.

भोवतालची गावं शहरात घ्यायची की नाही, हे हद्दवाढीचं भांडण आमच्या लहानपणापासूनचं. 1972 ला महापालिका झाली, पुढं अर्धं शतक लोटलं तरी हद्द तसूभर सरकली नव्हती. गावांना घरफाळ्याची आणि जमिनीवर आरक्षण पडण्याची धास्ती. शहर म्हणतं, सोयी आमच्या वापरता तर आत या. 2017 ला मधला मार्ग म्हणून 42 गावांचं विकास प्राधिकरण काढलं, त्याबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.

मी जर्मनीत, म्युनिकला लागून असलेल्या गार्चिंगला राहतो. म्युनिकची हद्द आमच्या अलीकडंच संपते, आमची नगरपालिका वेगळी. तरी 2006 पासून म्युनिकची यू-सिक्स मेट्रो थेट गार्चिंगच्या फोर्शुंग्सत्सेंट्रुमपर्यंत, म्हणजे संशोधन केंद्रापर्यंत येते. शहर आणि भोवतालचे जिल्हे एकत्र बसून तिकिटाचं ठरवतात. एमव्हीव्ही हा त्यांचा वाहतूक संघसुद्धा 1972 लाच सुरू झाला. त्यासाठी गार्चिंगला म्युनिकमध्ये विरघळावं लागलं नाही.

दादाचं उत्तर आलं, “तिकडचं सांगू नको. पैसा हाय त्यांच्याकडं.” आहेच. पण जरगनगर कुठं संपतं आणि पाचगाव कुठं सुरू होतं, हे घरफाळ्याच्या पावतीशिवाय कळत नाही. एवढं ओळखायला पैसा लागत नाही. बस बंद केली की माणूस दुचाकी घेणार, आणि ती महाद्वार रोडलाच येऊन लागणार. शाहू महाराजांनी 1895 ला गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, तेव्हा तीही गावाबाहेरच होती की!

पाचगावचा प्लॉट मीच निवडला होता. स्वस्त होता, घरफाळा कमी होता. आईला पेठेतनं मीच उठवलं आणि वर्षभरात जर्मनीला आलो. इथं विचारलं तर मी म्युनिकचा सांगतो, भारतात कोल्हापूरचा. गार्चिंगच्या निवडणुकीत मला मत नाही, पाचगावच्या ग्रामसभेला मी एकदाही बसलेलो नाही. दादाला हे सगळं ठाऊक आहे. त्यानं ते काढलं नाही.

रविवारी आईला फोन केला. बस वेळेवर येते का, विचारलं.

“येती की. पण तू येशील तवा रिक्षानंच जाऊ. सामान असतंय तुझं.”