दोन बोटं मांस कापलं की शिसं जातं? नाही जात!

नोव्हेंबर जवळ आला की इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या आम्हा शिकारी मंडळींत एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो कुणीतरी मराठीत करून पाठवला, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: हरणासाठी शिशाचीच गोळी खरी. ती अंगात एकसंध राहते, जखमेभोवतीचं दोन बोटं मांस कापून टाकलं की झालं. चुकून एखादा कण राहिलाच तर तो पोटातून तसाच बाहेर पडतो. तांब्याची गोळी मात्र उमलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. गरुडांच्या काळजीचं म्हणाल, तर तो शिकार बंद पाडायचा डाव आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. तिकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. इथे परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, किती जनावरं मारायची तेही ठरलेलं असतं. आमच्या घरी वर्षभराचा खिमा त्यातूनच येतो. माझी मुलं तो खातात, म्हणून हा मजकूर मला सोडून देता येत नाही.

आधी ‘एकसंध’चं बघू. साध्या शिकारी गोळीत शिशाचा गाभा असतो आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ आवरण. सेकंदाला अडीच-पावणेतीन हजार फूट वेगाने ती बरगडीवर आदळते, तेव्हा टोक छत्रीसारखं उलटून पसरतं. पसरावं म्हणूनच तर मऊ शिसं वापरतात. पण पसरता पसरता ते झडतंही. १५० ग्रेनची गोळी म्हणजे पावणेदहा ग्रॅम. त्यातलं तीस टक्के जरी झडलं, तरी तीनेक ग्रॅम शिसं मोकळं झालं. काही रानात जातं, काही मांसात राहतं.

किती राहतं? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वायोमिंगमधली ३० हरणं तपासली होती, सगळी शिशाच्या गोळीने मारलेली. एक्स-रेमध्ये एका हरणात सरासरी १३६ कण दिसले. मग ती हरणं नेहमीसारखी खाटकांकडे दिली. खिम्याची २३४ पाकिटं परत आली आणि त्यातल्या ३२ टक्के पाकिटांत धातूचे कण निघाले. हे खाटीक रोज हेच काम करणारे होते, हे लक्षात घ्या.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. तीन वर्षांपूर्वी गॅरेजमधल्या टेबलावर खांद्याचं मांस सोडवत होतो. जखमेचा काळानिळा भाग आधीच काढून टाकला होता. पांढऱ्या पडद्याखाली एक राखाडी ठिपका दिसला, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. हाडाची कपची असेल म्हणून नखाने दाबला, तर तो चपटा झाला. हाड असं दबत नाही. जखमेपासून वीत लावून बघितली, पुरी वीत भरली. मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने २००८मध्ये मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या झाडून पाहिल्या, त्यातही कण वीतभराहून लांब गेलेले आढळले. दोन बोटं कुठे आणि वीत कुठे!

‘पोटातून तसाच बाहेर पडतो’ हेही खरं नाही. वायोमिंगच्याच अभ्यासात ते कण असलेलं मांस डुकरांना खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं. नॉर्थ डकोटात ७३८ माणसांचं रक्त तपासलं, तर शिकारीचं मांस खाणाऱ्यांत शिसं डेसीलिटरला सरासरी ०.३० मायक्रोग्रॅमने जास्त होतं. आकडा लहान आहे. धडधाकट माणसाने हाय खावी असा तर मुळीच नाही. पण मुलांच्या रक्तात शिसं अमुक इतकं चालतं अशी मर्यादा वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही, आणि खिमा घरातली मुलंच मागून खातात.

आता तांबं. इथे मजकूर लिहिणाऱ्याचं थोडं खरं आहे, ते मान्य करायला हवं. सुरुवातीच्या तांब्याच्या गोळ्या कधी कधी उमलत नसत आणि बंदुकीच्या नळीत तांब्याचा थर धरत. पुढे टोकाची पोकळी सुधारली, अंगावर खाचा आल्या, टोकाला प्लास्टिकची टोपी आली. आजची गोळी चार पाकळ्यांत फुलासारखी उमलते. गेल्या हंगामात एक माझ्या हाती लागली, हरणाच्या पलीकडच्या कातडीखाली अडकलेली. काडतुसाची दारू मोजायच्या काट्यावर ठेवली, तर १५०पैकी १४९ ग्रेन शाबूत.

मात्र ती उमलायला वेग लागतो, आदळताना साधारण १,८०० ते २,००० फूट. निवडीचं खरं मर्म इथे आहे. तांबं शिशापेक्षा हलकं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून जड, कमी वेगाच्या १८० ग्रेनचा हट्ट सोडावा. .३०८ जातीच्या काडतुसाला १५० ग्रेन घेतली, तर २०० यार्डांवरही वेग पुरून उरतो. जुन्या .३०-३० काडतुसामध्ये मुळातच वेग कमी, तिथे शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे तांब्याचा भरवसा मी धरणार नाही. तांब्याचे तुकडे उडत नाहीत, म्हणून जखमही अरुंद होते. नेम फुप्फुसांवर हवा. मागे सरकला तर कुठलीच गोळी वाचवत नाही.

गरुडांचा ‘डाव’ म्हणाल, तर हरीण साफ केल्यावर कोथळा रानातच टाकतो ना आपण? तो गरुड खातात, त्यातल्या कणांसकट. २०२२मध्ये ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेलं शिसं आढळलं. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या गुरांचं मढं खाऊन आपली गिधाडं कशी संपत गेली, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी आणली, तिथे शिकार चालूच आहे.

तांब्याच्या गोळ्या महाग आहेत, हे खरं. पण नेम जुळवायला काडतुसांचं एक खोकं आणि हरणाला एक-दोन काडतुसं, एवढाच तर हंगामाचा खर्च.

एवढं करूनही कुणाला शिशाचीच गोळी वापरायची असेल, तर निदान गाभा आवरणाला जोडलेली घ्या, ती कमी झडते. खांद्याच्या हाडावर मारू नका. जखमेच्या बाजूचं मांस खिम्यात घालू नका, कारण यंत्रात एक कण सगळ्या घाण्यात पसरतो. आणि त्यातलं पाकीट ज्या घरी मूल आहे किंवा कुणी गरोदर आहे, तिथे देऊ नका.