लाल अक्षरातला १:१८०

मागच्या आठवड्यात गरोदर मावसबहिणीचा डबल मार्करचा (बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, ते सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट नाशिकहून व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि पाठोपाठ मावशीचा व्हॉइस मेसेज, रडतच. रिपोर्टवर लाल अक्षरात हाय रिस्क, १:१८०. लॅबने रात्री साडेनऊला पीडीएफ ढकलली, डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी अकराला, मधली रात्र कशी काढायची? काका म्हणे आमच्या वेळी कुठे होत्या टेस्टा, झालीच ना पोरं. मावसभाऊ म्हणे सगळ्या टेस्ट करून टाका, पैशाचं बघू. झालं, घरात दोन पार्ट्या.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. माझ्या वेळी दिवस राहिल्याची खात्री करायला इथे बीटा एचसीजी (गरोदरपणातल्या हॉर्मोनची रक्ततपासणी) कोणी केलंच नाही, घरी किटवर दोन रेघा आल्या, मिडवाइफला कळवलं, तिने नवव्या आठवड्यातली अपॉइंटमेंट दिली, बस. आई इंदिरानगरहून रोज फोन करायची, अगं रक्त कधी तपासणार, आकडा दोन दिवसांत डबल झाला का? इथे पोटात दुखलं, ब्लीडिंग झालं तरच तो बघतात, आणि तसाही तो दहाव्या आठवड्याच्या आसपास टोक गाठून खालीच यायला लागतो. पण आईला काय सांगणार. खरं सांगू, मलाही हे लोक कंजूषच वाटले होते, अजूनही थोडे वाटतात.

आता ते १:१८०. रक्तातलं फ्री बीटा एचसीजी जास्त, पॅप-ए (गरोदरपणातलं एक प्रोटीन) कमी, त्यात एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि आईचं वय घालून सॉफ्टवेअर हा आकडा काढतं. आपल्याकडे बऱ्याच लॅब १:२५० ला हाय रिस्कची रेघ मारतात, इथे एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) १:१५० ला. म्हणजे ही पोरगी लेस्टरला असती तर याच आकड्यावर तिला लो चान्सचं पत्र आलं असतं! इथलीच रेघ बरोबर असं नाही हां, १:१५० ठेवली की कमी बायका घाबरतात पण काही केसेस निसटतातही. माझं भांडण त्या लाल अक्षराशी आहे. अशा १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो, हे त्याच पीडीएफवर एका ओळीत मावलं असतं की. इथे रिस्क शब्दसुद्धा टाळतात, चान्स म्हणतात.

बहिणीला हेच फोनवर सांगितलं तर म्हणाली, ताई, मग हे मला काल रात्री कोणी का नाही सांगितलं.

आता एनआयपीटीसाठी (आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी पुढची तपासणी) रक्त दिलंय. पीडीएफ आली की आधी मला पाठव, मावशीला नको, असं बजावून ठेवलंय.