कागद सगळे आहेत, तरी गाडी बाजूला घ्या

पिकअप हलकी गाडी की जड, हे एकदा सगळ्यांनी मिळून बसून ठरवा आणि काय ते आम्हाला कळवा. रस्त्यावर, विमा कंपनीत, आरटीओत आणि कोर्टात हिचं वजन वेगवेगळं भरतं आणि कुठं कितीही भरलं तरी पैसे आम्हीच मोजायचे.

कडोली, उचगाव, बेळगुंदी, बेळगावच्या सगळ्या भागातनं रात्री भाजी भरून गाड्या गोव्याला सुटतात. कोबी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत माल टाकायचा. उशीर झाला की कोथिंबिरीला कोण विचारत नाही. हे ठाऊक असल्यामुळंच की काय, गाडी अडवायचा मुहूर्त बरोबर रात्री दोनचा निघतो. टॉर्च तोंडावर मारायची, काच खाली घ्यायला लावायची आणि कन्नडमधनं पहिलाच प्रश्न, "लायसन्सदाग ट्रान्सपोर्ट ऐतेनु?" म्हणजे लायसनवर धंद्याची गाडी चालवायचा वेगळा शेरा आहे का?

नाही साहेब, लायसनवर ट्रान्सपोर्ट नाही. आणि लागतही नाही! 2017 साली मुकुंद देवांगण खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून झालंय, की 7,500 किलोच्या आतली मालगाडी चालवायला एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन पुरतं. विमा कंपन्यांना ते पचलं नाही. त्या पुन्हा भांडत राहिल्या, प्रकरण घटनापीठापुढं गेलं आणि 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. असल्या लायसनवाल्यांमुळं अपघात वाढले म्हणावं, तर तसं दाखवणारे आकडेच कोर्टापुढं आले नाहीत. हे सगळं मोबाईलवर काढून दाखवलं तर उत्तर काय? "ते दिल्लीचं. इथलं सांग." इथलं म्हणजे दोनशे की पाचशे, एवढंच बोलायचं राहिलेलं असतं.

बरं, लायसनला हलकी ठरली म्हणून विम्याला हलकी ठरेल, असं वाटत असेल तर तुम्ही कधी मालगाडीचा विमा उतरवलेला नाही. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून द्यायच्या सक्तीच्या विम्याचे, दर सरकार ठरवतं. 2022 च्या दरपत्रकात भाड्यानं माल वाहणाऱ्या, 7,500 किलोपर्यंतच्या चारचाकी गाडीला 16,049 रुपये. वर जीएसटी. आता यातला "पर्यंत" बघा. एक टन मालाला टेकलेला छोटा हत्ती (टाटा एस) असो, दीड-पावणेदोन टन माल नेणारी आमची पिकअप असो, नाहीतर मालासकट सात टन भरणारा ट्रक असो, हप्ता तोच. त्याच दरपत्रकात 1,000 ते 1,500 सीसीच्या घरच्या कारला 3,416. म्हणजे शेजारचा मास्तर वर्षाला जे भरतो त्याच्या चौपटीहून जास्त आम्ही भरायचं, का तर आम्ही कोबी नेतो. मालगाडी जास्त फिरते, धोका जास्त, हे मला पण कळतंय. पण मग छोट्या हत्तीचा धोका आणि सात टनांच्या ट्रकचा धोका एकच कसा?

परमिटाचं आणखी तिसरंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 मध्ये एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिटची सूट आहे. एकूण म्हणजे गाडी आणि माल मिळून. 1.7 टन माल नेणारी पिकअप घेतली की गाडीचं स्वतःचं वजन धरून ती आकड्याच्या पलीकडं जाते. शोरूममध्ये हे कोण सांगतंय? तिथं फक्त "दादा, मोठी घ्या, भाडं डबल" एवढंच ऐकू येतं. आणि छोटी घेतली म्हणून सुटलात असंही नाही, परमिट माफ म्हणजे टॅक्स माफ नव्हे.

आता पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. नव्या गाडीला दोन वर्षांनी, आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरसाल. गाडी तपासली पाहिजे, याला माझा विरोध नाही. घाटातली गाडी आहे, ब्रेक बघाच की. पण ब्रेक कोण बघतंय? बघतात जाळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कंपनीतनं पिकअप येते तेव्हा हौद्याच्या फळ्या गुडघ्याएवढ्या असतात. त्यात पालेभाजी भरून घाट उतरून दाखवा कुणीतरी. म्हणून प्रत्येक गाडीवाला हौद्यावर लोखंडी जाळी वाढवतो. आडवे-उभे अँगल, कोपऱ्याला बोल्ट, वर ताडपत्रीचे हुक. हे काम उघड्यावर होतं, शोरूमपासून हाकेच्या अंतरावर आणि शोरूमवालाच पत्ता सांगतो. कायदा म्हणतो, आरसीवर जे लिहिलंय त्याहून गाडी वेगळी दिसता कामा नये, कलम 52. मग पासिंगच्या आदल्या दिवशी फॅब्रिकेशनच्या दुकानापुढं पिकअपची रांग. दोघं पाना घेऊन वर चढतात, गंजलेले बोल्ट निघत नाहीत, शिव्या देत रॉकेल सोडतात, शेवटी ग्राइंडर लावून डोकी उडवतात. जाळी भिंतीला टेकवून ठेवायची. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल अशी रेडियमची पट्टी नवीन मारायची आणि ती पण एजंटानं सांगितलेल्या दुकानातलीच. दुसऱ्या दिवशी बोडकी गाडी नेऊन उभी करायची, साहेबांनी लांबूनच बघायचं, फोटो, झालं. संध्याकाळी जाळी परत वर, नवे बोल्ट घालून. इन्स्पेक्टरला माहीत आहे, एजंटाला माहीत आहे, रस्त्यावर उद्या अडवणाऱ्यालाही माहीत आहे. जाळीची उंची ठरवून द्या, फी लावा, आरसीवर चढवा! पण नाही. चढवली तर उद्या अडवायचं कशावरून?

आणि या जाळीची खरी किंमत क्लेमच्या वेळी कळते. आमच्या पाहुण्यांची गाडी वळणावर पलटी झाली. फुल्ल इन्शुरन्स होता, फायनान्सवाल्यांनी तसाच सक्तीचा केलेला. कंपनीनं पाठवलेला सर्व्हेअर आला, टेप काढली आणि इंजिन, चाक काहीही न बघता पहिल्यांदा जाळी मोजली. "मॉडिफिकेशन आहे." अरे बाबा, पॉलिसी देताना तुझ्याच माणसानं याच गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून नेलेत! त्या फोटोत जाळी आहे, ताडपत्री आहे, मागचं लिंबू-मिरचीसुद्धा आहे. हप्ता घेताना ती दिसली नाही?

एका बाबतीत मात्र मी गाडीवाल्यांची बाजू घेणार नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला, चिंचलीच्या मायाक्काला हौद्यात अख्खी भावकी भरून नेतात, म्हाताऱ्यांना खुर्ची टाकून. भांगलणीच्या बायका तर रोजच्या. मालगाडीत असं बसलेल्या माणसाची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, हे सुप्रीम कोर्टानं आशा राणी खटल्यात सांगून वीस वर्षं होऊन गेली. मालाबरोबर मालाचा धनी बसला असेल तर गोष्ट वेगळी. देवाला निघालेली आत्या माल नव्हे आणि मालाची धनीण पण नव्हे. काही झालं तर मालकाची जमीन विकायची पाळी. पण यातही चीड कशाची येते, तर यात्रेच्या दिवसात याच गाड्या माणसांनी भरून चेकिंगसमोरनं जातात आणि कोण अडवत नाही. अडवतात ती कोबीची.

शिवाय आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचे. जमीन इकडं, पाहुणे चंदगडात, बाजार कोल्हापुरात. जुनी गाडी बघायला गेलं तर चांगली मिळते ती हमखास एमएच 09, कोल्हापूरच्या नंबरची. घेतली की सुरू. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), फायनान्सची एनओसी, पोलिसांचा दाखला की गाडी चोरीची नाही, तिकडचा टॅक्स फिटलेला, मग इकडं बेळगावच्या केए 22 किंवा चिकोडीच्या केए 23 नंबरसाठी नव्यानं टॅक्स. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर बारा महिने गाडी ठेवता येते, कलम 47 स्पष्ट आहे. पण इथल्या रस्त्यावर बारा महिने कोण मोजत बसतंय? एमएच दिसली की बाजूला घे. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलवर महाराष्ट्राच्या नंबरचे ट्रक बघून दगड घातले, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्या ड्रायव्हरांचा सीमावादाशी काय संबंध होता? नंबरप्लेट, बस्स. आणि केए नंबरनं पलीकडं गेलो की तिथल्यांच्या डोळ्यात आम्ही कर्नाटकवाले. घरात मराठी बोला नाहीतर अजून काय बोला.

एनओसीचं तर ऐकाच. कलम 48 सांगतं, अर्ज केल्यावर तीस दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असंच धरायचं. माझ्याकडं पोच पावती आहे, तारखेची, शिक्क्याची. तीस दिवस होऊन गेले. ती पावती आणि कलमाची झेरॉक्स घेऊन खिडकीवर गेलो, तर आतला माणूस म्हणतो, "असं धरायला कॉम्प्युटरमध्ये बटण नाही." बाहेर एजंट चहा पीत होता. त्यानं पावती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "हे कायद्यानं करत बसलास तर गाडी भंगारात जाईल. चार हजार दे, सोमवारी घेऊन जा."

बटण नाही म्हणे. मग सोमवारी कुठनं येतं?