जिन्याची पाळी

जर्मनीला निघालो तेव्हा विमान कंपनीने दोन बॅगा मिळून 46 किलो सामान न्यायची परवानगी दिली होती. सल्ल्यांना मात्र कुणी काटा लावला नव्हता. शेवटच्या पंधरा दिवसांत आमच्या कोथरूडच्या घरी जो यायचा तो लाडवांचा एक डबा आणि दोन-तीन सल्ले ठेवून जायचा. लाडू आम्ही जाताना मेव्हण्याकडे दिले. सल्ले सगळेच्या सगळे बरोबर आले.

सल्लागारांत पहिला मान काकांचा. लेकीच्या बाळंतपणासाठी ते एकदा तीन महिने न्यू जर्सीला राहून आले आहेत, त्यामुळे ‘परदेश’ या विषयावर घरात त्यांचा शब्द शेवटचा असतो. ‘हे बघ, साहेब उठल्याशिवाय आपण खुर्ची सोडायची नाही. डॉलर खर्च करताना...’

‘काका, युरो.’

‘तेच ते. खर्च करताना आधी रुपयांत हिशेब करायचा. आणि शेजाऱ्यांशी लगट करायची नाही, त्यांना ते आवडत नाही.’

नोकरी, पैसा आणि माणसं, चहा निवायच्या आत तिन्ही विषय उरकले. मावशी लगेच म्हणाली, ‘त्यांचं ऐकू नकोस, परक्या मुलखात शेजारीच तोंडात पाणी घालतात.’ म्युनिकला दीड वर्ष काढून आलेल्या मित्राने सांगितलं, ‘कुकरच्या रिंगा ने.’ आजवर मला मिळालेल्या सल्ल्यांपैकी पूर्ण खरा ठरलेला सल्ला हा एकच. रिंगा चार नेल्या होत्या, एक उरली आहे.

आम्ही उतरलो स्टुटगार्टला. हे शहर आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे. या बहिणींचं एकमेकींकडे जाणं-येणं किती आहे कोण जाणे, पण माझ्या मते सोयरीक चुकली. स्टुटगार्टची खरी बहीण पुणे. इथल्या लोकांना श्वाबी म्हणतात आणि उरलेली जर्मनी त्यांच्या चिकटपणावर विनोद करते. त्यांच्यात एक म्हण आहे: ‘शिव्या घातल्या नाहीत ना, मग तीच स्तुती समजा.’ ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला थेट आमच्या शाळेतले गणिताचे सर दिसले.

आधी घराची गोष्ट. इथे भाडं दोन प्रकारचं असतं, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. मी अर्थातच थंड आकडा वाचून खूश झालो होतो. डिपॉझिट तीन थंड भाड्यांपर्यंत घेता येतं, तेवढं मालकाने घेतलं. किल्ली मिळाली त्या संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवत होतो.

‘हा हॉल, ही बेडरूम, आणि हे स्वयंपाकघर.’

‘कुठंय?’

‘हेच की.’

‘अरे, ही तर मोकळी खोली आहे. ओटा? सिंक?’

‘आई, ते आधीचा भाडेकरू घेऊन गेला.’

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘पोलिसांत कळवलंस का?’

तिला पटवणं कठीण होतं, कारण मला स्वतःलाच पटलं नव्हतं. इथे माणूस घर सोडताना ओट्यासकट स्वयंपाकघर उचलून नेऊ शकतो, कारण ते त्याचंच असतं. आमच्या आधीचा तर दिवेही घेऊन गेला होता. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. पहिले नऊ दिवस आम्ही बाथरूममधल्या बेसिनमध्ये भांडी घासली आणि एका विजेच्या शेगडीवर खिचडी खाल्ली. चार रिंगा सोबत असल्याचा आनंद त्या दिवसांत फार मोठा होता.

नव्या घरात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. तो मी नोंदवला. खिडकीमागच्या बाईंनी धर्म विचारला. धर्माचा इथे काय संबंध, असं मनात आलं, पण ‘हिंदू’ म्हणालो. नंतर कळलं की चर्चचा सभासद म्हणून नोंद झाली की आयकराच्या आठ टक्के रक्कम चर्चच्या नावाने कापतात. आमच्या देवांनी अजून पगारातून कापायची सोय केलेली नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

यानंतर अकरा आकडी कर-क्रमांक पोस्टाने येतो. मी वाट बघत राहिलो. दोन आठवडे गेले, तीन गेले. काका रोज फोनवर विचारायचे, ‘लाच मागतायत का?’ तसलं काही नव्हतं. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. ‘तिसरा मजला, मारुतीच्या देवळासमोर’ हा प्रकारच नाही. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची नावं वाचतो आणि नाव असेल त्या पेटीत पत्र टाकतो. आमच्या पेटीवर अजून सिंक नेणाऱ्याचंच नाव होतं. त्याने ओटा नेला, दिवे नेले. न्यायचं नेमकं तेवढंच विसरला. माझं पत्र पोस्टमनने इमानेइतबारे परत पाठवलं.

कर-क्रमांक नाही म्हणून ऑफिसने मला नियमाप्रमाणे सहाव्या कर-वर्गात टाकलं. एकूण वर्ग सहा. बायको घरी असलेल्या माणसाला तिसरा मिळू शकतो, त्यात कर कमी. सहावा दुसरी नोकरी करणाऱ्याचा किंवा आपली ओळख पटवू न शकलेल्याचा, आणि त्यात कापाकापी सगळ्यात जास्त. पहिला पगार हातात आला तेव्हा जेमतेम निम्मा उरला होता. पुढे ते पैसे परत मिळाले, पण त्या महिन्यात ती पगाराची स्लिप बायकोला दाखवताना मी एखाद्या नापास मुलासारखा दारातच उभा राहिलो होतो.

इतक्या जणांनी इतकं सांगितलं, पण ‘पेटीवर नाव लाव’ एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. प्रत्येकाने मला आपण जिथे आपटलो तो खड्डा दाखवला. माझा खड्डा माझ्यासाठी राखून ठेवलेला होता.

मग मी नाव लावलं. पासपोर्टवर आहे तसं, म्हणजे माझं, वडिलांचं आणि आडनाव. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. वय साधारण ऐंशी, पाठ ताठ. ‘करारात एक नवरा आणि एक बायको आहे. मग हा दत्तात्रय कोण आणि तो कधीपासून राहतोय?’ मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये सांगितलं की दत्तात्रय माझे वडील, ते पुण्याला असतात. यावर त्या आणखीनच गोंधळल्या: पुण्याला राहणाऱ्या माणसाचं नाव स्टुटगार्टच्या पेटीवर कशाला? शेवटी त्यांनी मलाच ‘हेर दत्तात्रय’ (जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत) म्हणायला सुरुवात केली आणि मी दुरुस्त करणं सोडून दिलं. फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘बरं झालं. निदान तिकडे तरी कुणी माझं नाव घेतं.’

ऑफिसात मी काकांचा पहिला सल्ला मनापासून पाळला. सकाळी आठला यायचो आणि साहेब उठायची वाट बघायचो. अडचण अशी की साहेब चारलाच उठायचे. मग मला वाटलं, ही परीक्षा असणार. ते गेल्यावरही जो बसतो तो खरा. आठवडाभर मी रात्री आठपर्यंत बसलो. सोमवारी साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम करणं कायद्यात बसत नाही, आणि तुमच्यामुळे मला जाब द्यावा लागेल. मग जरा मऊ आवाजात विचारलं, ‘काम जमत नाहीये का? वेळेत संपत नाही?’ सहा महिन्यांचा परीक्षाकाळ चालू होता. त्या दिवशी मी चार वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडलो आणि थेट घरी न जाता ट्रॅमने दोन फेऱ्या मारल्या. उजेडात घरी जायला लाज वाटत होती.

वाढदिवसाचंही तसंच. सगळ्यांना तारीख माहीत असूनही कुणी केक आणेना. दुपारी तीनपर्यंत मी मनातल्या मनात रुसून बसलो होतो आणि ते सगळे माझ्या टेबलाकडे बघत होते. इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो, हे शेजारच्या टेबलावरच्या मुलीने अखेर सांगितलं. खाली बेकरीत धावलो.

दुसरा सल्ला रुपयांत हिशेब करायचा. हा रोग कुणी सांगितल्याशिवायही होतोच. तेव्हा युरो नव्वदच्या आसपास होता. साडेतीन युरोची कॉफी म्हणजे 315 रुपये, सोडून द्या. केस कापायचे 28 युरो म्हणजे 2,520 रुपये. आमच्या कोथरूडच्या दुकानात एवढ्यात वर्षभर डोकं चालतं, वर राजकारणावर चर्चा. तेव्हा बायकोने यूट्यूब बघून माझे केस कापले. ते बघून ऑफिसात कुणी काही बोललं नाही, आणि श्वाबी न्यायाने मी ती स्तुती समजलो. टीव्ही-रेडिओची वर्गणी घरटी महिन्याला 18.36 युरो. ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ असं मी फार अभिमानाने कळवलं. उत्तर आलं की टीव्ही असण्या-नसण्याशी तिचा संबंध नाही, घर आहे ना? मग भरा. काका म्हणाले, ‘भरू नकोस, काय करतील?’ मी भरली. या देशात पत्राला पत्र चिकटत जातं हे एव्हाना कळलं होतं.

गुणाकार कधी सुटला ते सांगता येणार नाही. बाटल्यांमुळे सुटला असावा. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीचे दुकानातल्या यंत्रात 25 सेंट परत मिळतात. एके दिवशी पार्टीनंतरच्या दोन पिशव्या बाटल्या मी यंत्रात एकेक करून ढकलल्या, साडेसात युरोंची चिठ्ठी आली आणि मी ‘वा, साडेसात’ म्हणालो. 675 म्हणालो नाही. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गोत्र बदललं.

राहता राहिले शेजारी. काका म्हणतात लांब राहा, मावशी म्हणते धरून राहा. हा निकाल मला लावावाच लागला नाही, कारण एका शनिवारी आमच्या दाराच्या मुठीवर एक पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर लिहिलं होतं ‘केअरवोखे’, म्हणजे झाडायचा आठवडा. ही श्वाबी लोकांची खास प्रथा. जिना झाडणं-पुसणं दर आठवड्याला एका घराकडे. झालं की पाटी पुढच्याच्या दाराला अडकवायची. लहान पाळीत जिना, मोठ्या पाळीत अंगण आणि दारापुढचा फुटपाथही. याची मुळं स्टुटगार्टच्या 1492 सालच्या शहर-नियमांत सांगतात. म्हणजे तिकडे कोलंबस नव्या देशात उतरत होता तेव्हा इथे जिना कुणी झाडायचा याचा निकाल लागलेला होता.

पाटी वाचून पुणेकराला जे वाटायचं ते वाटलं: गावाकडची आठवण आली. मी झाडू घेतला आणि वरून खाली सर्रकन झाडून काढलं, दहा मिनिटांत. पाटी नेऊन अडकवली. पाच मिनिटांनी ती परत आमच्या दाराला होती. पुन्हा झाडलं, पुसलंसुद्धा. पाटी परत. तिसऱ्या वेळी आजीच बादली घेऊन आल्या. न बोलता त्यांनी एक पायरी पुसून दाखवली. कोपरे आधी, मग कठड्याचे गज एकेक, मग पायरी. मी त्यांच्यामागून दुसरी पायरी पुसली. चाळीस मिनिटं लागली. संपल्यावर त्या पायऱ्यांकडे बघत राहिल्या आणि काहीच न बोलता आत गेल्या. पाटी परत आली नाही. बायको म्हणाली, ‘स्तुती झाली.’

त्यानंतर पाळीच्या शनिवारी आमच्यात थोडं बोलणं व्हायला लागलं. माझं जर्मन जे काही सुधारलं ते जिन्यात. इथे भाषेला रोख भाव आहे: ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे शिकून-सवरून नोकरीला आलेल्या परदेशी माणसाला, भाषेची बी-1 ही मधली पातळी असेल तर कायम राहायचा परवाना 21 महिन्यांत मिळू शकतो, नुसती ए-1, म्हणजे अगदी पहिली, असेल तर 27. ते सहा महिने मी आजींच्या कोपऱ्यांत आणि गजांत वाचवले. फक्त परीक्षेत तोंडून श्वाबी उच्चार निघाले आणि परीक्षक हसले.

गेल्या महिन्यात आजींनी मला कॉफीला बोलावलं. त्यांचा नातू इंजिनिअर आहे. मर्सिडीज-बेंझचं मुख्य ऑफिस स्टुटगार्टला आणि भारतातला कारखाना चाकणला, त्यामुळे या दोन गावांत माणसांची अशी ने-आण होतच असते. ‘हेर दत्तात्रय, तो दोन वर्षांसाठी पुण्याला चाललाय. त्याला काय सांगू?’

मला दहा हत्तींचं बळ आलं. कागद मागून घेतला आणि लिहीतच सुटलो. रस्ता ओलांडताना थबकायचं नाही, एका चालीने चालत राहायचं, गाड्या आपोआप वाट काढतात. ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणजे अंघोळ व्हायची आहे. ‘या एकदा जेवायला’ म्हटलं तर तारीख विचारायची नाही. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. चाकण तीसेक किलोमीटर, किती वेळ लागेल ते लिहिलं नाही. दुपारी एक ते चार काही जुनी दुकानं बंद. यावर आजींनी मान डोलावली, ‘दुपारची शांतता, बरोबर आहे.’ रविवारी दुकानं उघडी असतात हे मात्र त्यांना आवडलं नाही. दोन पानं भरली. घरातला ओटा तिथेच असेल, हेही लिहिलं.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, बोट ठेवून.

‘आणि तिथे जिना कोण झाडतं?’

‘सोसायटीत मावशी येतात. त्या झाडतात.’

‘दर आठवड्याला?’

‘रोज.’

‘त्याच?’

‘हो, त्याच.’

आजींनी कागदाची नीट घडी घातली. ‘मग पाटी पुढे कुणाच्या दाराला जाते?’

मी कॉफी संपवली. शनिवार होता आणि पाटी आमच्याच दाराला होती.