‘फोनवरचा ट्रायाज म्हणजे रुग्णाला टाळणं’ : हा दावा कुठे चुकतो

कोविडचा विषय निघाला की एक मेसेज अजून फिरतो: “वॉर रूम (वॉर्डातला कोविड नियंत्रण कक्ष), हेल्पलाइन हा रुग्णाला टाळायचा प्रकार होता. फोनवर आजार कळत नाही, ऑपरेटर डॉक्टर नसतो, लाइन लागत नाही. पॉझिटिव्ह आलात की थेट हॉस्पिटल गाठा.” पुढच्या साथीत हा सल्ला कुणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“फोनवर आजार कळत नाही.” निदान होत नाही, हे खरं. पण ट्रायाजमध्ये, म्हणजे तातडीनुसार रुग्णांची वर्गवारी करताना, ठरवायचं असतं ते एवढंच, की आत्ता कुणाला हलवायचं. कोविडमध्ये बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के किंवा जास्त आणि श्वास मिनिटाला २४ पेक्षा कमी म्हणजे सौम्य, ९० ते ९३ मध्यम, ९० च्या खाली गंभीर. हा आकडा फोनवर मिळतो, फक्त नीट घ्यायला लावला पाहिजे. नेलपॉलिश-मेंदी नसलेलं बोट, हात गार नको, पाच मिनिटं शांत बसून आकडा स्थिरावल्यावरच वाचायचा. बसून ९४ च्या वर असेल आणि दम नसेल, तरच सहा मिनिटं घरात चालून पुन्हा मोजायचा. बसून ९६ आणि चालून ९२ आला, तर बोलताना ठणठणीत वाटणारा रुग्णही सौम्य राहत नाही. सावळ्या त्वचेवर यंत्र कधी कधी आकडा वाढवून दाखवतं, त्यामुळे ९४-९५ वर घुटमळणाऱ्याला काही तासांत पुन्हा फोन हवाच. एका दमात आकडे मोजायला लावायची चाचणी मात्र भरवशाची नाही.

“ऑपरेटर डॉक्टर नसतो.” म्हणूनच त्याच्या हातात ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमाने. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागते का? ओठ निळे? छातीत दुखतं? गुंगी? एक जरी ‘हो’ आला, की बाकीचे प्रश्न बंद आणि रुग्णवाहिका. रुग्णाला वरच्या, म्हणजे जास्त गंभीर गटात ऑपरेटरने टाकावं, खाली आणायचा अधिकार डॉक्टरचाच. खरी भीती वेगळीच आहे: साथीत प्रत्येक ताप साथीचाच वाटतो. पावसाळ्यात मुंबईत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतातच. “थंडी वाजून ताप येतो का? साचलेल्या पाण्यातून चाललात का?” हे प्रश्न यादीत नसतील, तर फोन घात करतो.

“लाइन लागत नाही.” ही तक्रार रास्त आहे. एका कॉलला आठ मिनिटं धरली तर दहा लाइनवर तासाला ७५ कॉल होतात. शंभर आले की उरलेले पुन्हा पुन्हा डायल करतात आणि कोंडी वाढतच जाते. नुसत्या लाइनी वाढवून ती सुटत नाही, फोन उलट्या बाजूने जावा लागतो. मुंबई महापालिकेने २०२० मध्ये २४ वॉर्डांत वॉर रूम उघडल्या, पॉझिटिव्ह रुग्णांच्या याद्या वॉर्डनिहाय वाटल्या आणि तिथून रुग्णाला फोन जाऊ लागला.

“थेट हॉस्पिटल गाठा.” सौम्य रुग्णाने ऑक्सिजनची खाट अडवली, तर ८८ वर आलेला बाहेर ताटकळतो. मात्र ‘घरी राहा’ सांगण्याआधी घर विचारायला हवं: खोल्या किती, संडास सार्वजनिक का, घरात साठीपुढचं कोण? दहा बाय दहाच्या खोलीतला सौम्य रुग्णसुद्धा कोविड केअर सेंटरमध्येच जायला हवा. घरी ठेवलेल्याला रोज फोन, आणि लक्षणांच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात तर चुकवायचाच नाही, कारण प्रकृती बिघडते ती बहुधा तेव्हाच. तीनदा फोन उचलला नाही, तर ‘संपर्क झाला नाही’ असा शेरा मारून नोंद बंद करू नये. त्याच दिवशी आरोग्यसेविका त्या दारात पोचली पाहिजे.